नखाएवढं आमिष

(दृश्य: मिनियापोलिस शहराच्या दक्षिणेकडचा लेक नोकोमिस. जूनमधली सकाळ. लाकडी धक्का, कठड्याला टेकलेल्या गळाच्या काठ्या, मुलांची गडबड.)

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. मोजायला बसलं तर ती त्याहून जास्तच भरतात. शहरातही तळ्यांची कमी नाही. शनिवारी सकाळी अशा एखाद्या धक्क्यावर गेलात, तर निम्मी गर्दी दहा वर्षांखालची असते आणि उरलेली निम्मी त्या मुलांच्या तंगुसाचा गुंता सोडवत असते.

आज इथे एक मराठी कुटुंब आलंय. सहा वर्षांची मुलगी, तिचा दादा, बाबा, आणि उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून आलेले आजोबा. बाबांनी दुकानातून बरंच काही आणलंय: चकाकणारे पत्रे, रबरी बेडूक, रंगीत पिसं लावलेले गळ. आजोबा ते सगळं उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "गांडूळ नाही आणलंस?"

आजोबांचा प्रश्न बरोबर आहे.

(दृश्य: पाण्याखाली. धक्क्याच्या खांबाजवळ चपटे, तळहाताएवढे मासे.)

अमेरिकेत ज्यांना पॅनफिश म्हणतात ते हे. एकाच जातीचं हे नाव नाही. तव्यात अख्खे मावतील अशा छोट्या, खाण्यालायक माशांना मिळून हे नाव पडलंय. त्यात ब्लूगिल आला, नारिंगी पोटाचा पम्पकिनसीड आला, क्रॅपी आला, अंगावर उभे पट्टे असलेला पिवळा पर्च आला. पण मुलांच्या गळाला सगळ्यात आधी लागतो तो ब्लूगिल. कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका दिसला की ओळखायचं. इलिनॉय राज्याने १९८६ साली हाच आपला राज्यमासा ठरवला, आणि तो निवडला होता शाळकरी मुलांनी.

हा मासा उथळ पाण्यात, काठाजवळ, थव्याने राहतो. म्हणून होडी लागत नाही, लांब फेकायचं कसब लागत नाही. गळ धक्क्यावरून सरळ खाली सोडला तरी चालतो. त्याला भूकही दांडगी. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानच्या तेव्हाच्या युवराजांना, अकिहितो यांना, काही ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी पाळता येतील अशी कल्पना होती. ते मासे बाहेरच्या पाण्यात गेले, बिवा सरोवरापर्यंत पसरले आणि तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठले. २००७ मध्ये सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

एवढा खादाड मासा. मग मुलांचे गळ रिकामे का येतात?

(दृश्य: दादाच्या गळावर अख्खं जाडजूड गांडूळ लोंबतंय. पाण्याखाली एक ब्लूगिल त्याचं टोक कुरतडतो आणि निघून जातो.)

कारण त्याचं तोंड. ब्लूगिल फार मोठा झाला तरी त्याचं तोंड चिमुकलंच राहतं. आजवरचा सर्वात मोठा ब्लूगिल १९५० साली अलाबामात पकडला गेला. त्याचं वजन होतं ४ पौंड १२ औंस, म्हणजे दोन किलोच्या जरा वर. आपल्या धक्क्याखालचे मासे त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. त्यांना तोंडात मावेल एवढंच भक्ष्य हवं असतं. ते चावत नाहीत, पाण्याबरोबर सुर्रकन आत ओढून घेतात. म्हणजे जे ओढलं जाणार नाही, त्याचं नुसतं टोक तुटणार.

त्यामुळे आमिष कोणतं, हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न, केवढं. गांडुळाचा नखाएवढा तुकडा पुरतो. तो गळावर ओवायचा आणि टोक मोकळं सोडायचं ते अगदी थोडं. गळही तसाच बारीक, ८ किंवा १० नंबरचा. हे नंबर उलटे चालतात, आकडा जितका मोठा तितका गळ लहान. खेळण्यांच्या दुकानात मुलांसाठी जो तयार संच मिळतो, त्यातला गळ बऱ्याचदा ब्लूगिलच्या तोंडासाठी जरा मोठाच असतो. तेवढा एक बदलून टाकला तर सकाळ पार बदलते.

१९७४ साली मिशिगनमधल्या अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल या दोन शास्त्रज्ञांनी ब्लूगिलच्या खाण्यावर प्रयोग केले. पाण्यात बारीक जीव सोडले, लहान-मोठे मिसळून. अन्न तुटपुंजं असलं की मासे समोर येईल ते खात. अन्न मुबलक झालं की लहान जीव सोडून मोठ्यांनाच निवडत. म्हणजे हा खादाड मासा हिशेबीही आहे. धक्क्यावर काल पाच मिनिटांत पाच मासे आणि आज तासभर काहीच नाही, याचं कारण पुष्कळदा पोरांच्या हातात नसतं, पाण्याखालच्या जेवणावळीत असतं. अशा वेळी आमिष बदलून पाहायचं, जागा बदलून पाहायची, नाहीतर खाऊचा डबा उघडायचा.

(दृश्य: पेट्रोल पंपावरचं दुकान. फ्रिजमध्ये दूध, अंडी, आणि शेजारी गांडुळांचे प्लास्टिकचे डबे.)

इथे नव्याने आलेला मराठी माणूस हे दृश्य पाहून एकदा तरी थबकतो. दुधाशेजारी गांडुळं! पण मिनेसोटात हे अगदी नेहमीचं. डब्यातली जाडी, बोटभर गांडुळं म्हणजे नाइटक्रॉलर. त्यांना थंडावा लागतो, म्हणून फ्रिज. एका गांडुळाचे सहा-सात तुकडे सहज होतात, त्यामुळे एक डबा दोन मुलांना सकाळभर पुरतो.

दुसऱ्या डब्यात असतात तांबूस, बारीक, वळवळी रेड विगलर. आपल्याकडे गांडूळखताच्या खड्ड्यात जी आयसेनिया फेटिडा जात वापरतात, तीच ही. लहान मुलांसाठी मी हाच डबा उचलीन. गांडूळ बारीक असलं की कापायला कमी लागतं, आणि गळावर वळवळ जास्त होते.

"आजोबा, त्याला दुखतं का?"

मुलीच्या हातात गांडुळाचा तुकडा आहे. आजोबा क्षणभर थांबतात. "दुखत असणार बाळा," ते म्हणतात. ती तुकडा परत डब्यात ठेवते.

हा प्रश्न प्रत्येक धक्क्यावर येतो, आणि त्यावर भाषण देण्यात अर्थ नाही. दुसरं काहीतरी पुढे करायचं. दुकानातल्या डबाबंद मक्याचा दाणा घ्या. हाताला घाण नाही, गळावर घट्ट बसतो, मुलाला एकट्याला लावता येतो. फक्त ब्लूगिलच्या तोंडाला अख्खा दाणा मोठा होतो, तेव्हा अर्धाच लावायचा. हॉटडॉगचा वाटाण्याएवढा तुकडाही चालतो, चिवट असल्यामुळे सहज सुटत नाही. पावाचा मऊ भाग चुरगाळून घट्ट गोळी करता येते. बागेतल्या तळ्यांवर लोक बदकांना पाव टाकतात, तिथले मासे पावाला सोकावलेले असतात.

आजोबांचा भरवसा मात्र कणकेवर. तरुणपणी कृष्णेच्या काठी त्यांनी गळाला कणीकच लावली. पोळ्यांच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची, तेल अजिबात घालायचं नाही, आणि गोळी करायची मिरीच्या दाण्याहून जराशी मोठी. सैल झाली तर पाण्यात पडताच विरघळते. नातीला हे काम फार आवडलंय. गोळ्यांची रांग कठड्यावर लागलीये, मासे पकडायचं तिला आठवतही नाही.

खरं सांगायचं तर मका आणि कणीक यांना गांडुळाची सर नाही. ब्लूगिलचं रोजचं जेवण म्हणजे किडे, अळ्या, पाण्यातले बारीक जीव. हलणारं, मांसाचं काही दिसलं की तो आधी तिकडे वळणार. पण सहा वर्षांच्या मुलीने स्वतः लावलेल्या कणकेला तासाभरात एक मासा लागला, तर तो बाबांनी लावून दिलेल्या गांडुळाच्या पाच माशांना भारी पडतो. निदान घरी जाताना गाडीत चर्चा त्याचीच होते.

(दृश्य: छोट्या डबीत भुश्शात पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या.)

या दोन्हींच्या मधला मार्गही आहे, वॅक्सवर्म. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण पोखरणाऱ्या पतंगाच्या या अळ्या. मधपाळांच्या कपाळाला आठ्या, मासेमाराला मेजवानी. त्या कोरड्या असतात, बुळबुळीत नाहीत, आकारही ब्लूगिलच्या तोंडाला नेमका. डोक्याच्या बाजूने हलक्या हाताने ओवायच्या, दाबल्या तर फुटतात. हिवाळ्यात इथली तळी गोठतात, लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात, तेव्हाही इवल्याशा गळावर हीच अळी लावतात. दक्षिणेकडच्या राज्यांत रातकिडे लोकप्रिय आहेत, पण डबीतून सुटलेला रातकिडा पकडणं हा मुलांचा वेगळाच खेळ होऊन बसतो. क्रॅपीला जिवंत छोटे मासे आवडतात. त्यासाठी बादली, पाणी आणि नियम सांभाळावे लागतात, मुलं बरोबर असताना ती यातायात नको.

आमिष लावलं, आता बाकीचं थोडक्यात. तंगूस बारीक, चार-सहा पौंडांचा ताण सोसेल असा. त्यावर छोटा लाल-पांढरा बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा; मासा लागला की तो बुडतो. मोठा बॉबर घेतलात तर माशाने ओढलेलं कळतच नाही. बॉबरखाली गळ दोन-तीन फुटांवर. वजनाची गोळी शिशाची नको, कथलाची किंवा पोलादाची घ्या. जुने लोक शिशाची गोळी दाताने दाबून बसवतात, मुलं ते बघून तसंच करतात. शिवाय लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी पाण्यात पडलेली शिशाची गोळी गिळतो आणि विषबाधा होऊन मरतो. त्याला एक गोळी पुरते.

(दृश्य: बॉबर डुचमळतो, तिरका होतो, बुडतो. किंकाळी.)

"ओढ! ओढ!" दादा ओरडतो. ओढायचं नाही, काठी नुसती उचलायची. हिसका मारला की इवलं आमिष तोंडातून सुटतं, नाहीतर मासा उडून आजोबांच्या टोपीवर येतो.

मासा हातात धरायचा तो ओल्या हाताने, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत, म्हणजे पाठीवरच्या पराचे काटे मिटतात. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला असेल तर गळ चटकन निघतो. मऊ आमिष मासा कधी खोल गिळतो, मुलाचं लक्ष दुसरीकडे असेल तर हमखास. अशा वेळी गळ ओढून काढू नये, तंगूस तोंडाजवळ कापावा. लांब दांडीचा गळ वापरला तर ही वेळ कमी येते.

मिनेसोटात राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी मात्र १५ किंवा त्याहून लहान मुलाला घेऊन आलेल्या इथल्या रहिवाशांना परवान्याशिवाय मासे धरता येतात. आजचा दिवस त्यातलाच.

याच सुमारास ब्लूगिलची वीणही चालू असते. नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल खळगे करतात आणि अंड्यांवर पहारा देतात. तेव्हा ते समोर येईल त्यावर धावून जातात, म्हणून पकडायला फार सोपे. पण मोठे नर काढून घेतले की लहान नर लवकर वयात येतात, वाढ तिथेच थांबते, आणि काही वर्षांत तळ्यात नुसती चिल्लीपिल्ली उरतात. म्हणून काही तळ्यांवर दिवसाला २० ऐवजी १० किंवा पाचच मासे नेता येतात. खायला न्यायचे असतील तर मधल्या आकाराचे न्या, थोराड नर सोडून द्या.

(दृश्य: सामान आवरणं. मुलगी गांडुळांचा डबा घेऊन झाडांकडे निघालीये.)

उरलेली गांडुळं मातीत सोडावीत, असं तिला वाटतं. आपल्यालाही वाटेल, गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र. इथे गणित उलटं आहे. हिमयुगातल्या बर्फाने झाकलेल्या या भागात मूळची गांडुळंच नाहीत. इथली जंगलं गांडुळांवाचून वाढली, वाळलेल्या पानांच्या जाड थरावर. नाइटक्रॉलर युरोपातून आलेला. तो जंगलात शिरला की हा थर खाऊन फस्त करतो, आणि त्यात रुजणारी रानफुलं, नेचे, झाडांची रोपं कमी होत जातात. आमिषाचे डबे रिकामे करणाऱ्या दयाळू हातांनीही त्याला ठिकठिकाणी पोचवलंय. म्हणून उरलेली गांडुळं ना पाण्यात, ना झाडाखाली. डबा बंद करून कचऱ्याच्या पेटीत टाकायचा.

मुलीला हे पटत नाही. ती डबा छातीशी धरून उभी आहे. मग बाबा तोडगा काढतात. डबा घरी न्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, गांडुळं पुढच्या शनिवारपर्यंत मजेत राहतील. पण कुठल्या कप्प्यात ठेवायचा, ते आईला विचारावं लागेल.

विचारणार कोण, यावर गाडीत बसेपर्यंत वाद चालू आहे.