झेंड्याचा कैदी आणि फाडलेली दोन प्रकरणं

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर 'झेंड्याचा कैदी : एक फेरवाचन' असं वाचून दोन आजोबा नागपूरच्या 1923च्या झेंडा सत्याग्रहाबद्दल ऐकायला आलेत, असं आत्ताच कळलं. आजोबा, माफ करा. पण बसा, चहा शेवटी आहे.

हा झेंडा म्हणजे रुरिटानिया नावाच्या काल्पनिक राज्यातलं एक गाव. तिथे खंदकानं वेढलेला किल्ला आहे. अँथनी होप यांची ही कादंबरी 1894 सालची. राज्याभिषेकाच्या तोंडावर राजाचा सावत्रभाऊ, काळा मायकेल, त्याला गुंगीची दारू पाजतो. मग हुबेहूब राजासारखा दिसणारा एक रिकामटेकडा इंग्रज, रुडॉल्फ रॅसेंडिल, मुकुट चढवून उभा राहतो. खरा राजा झेंड्याच्या किल्ल्यात अडकतो, आणि राजाशी जिचं लग्न ठरल्यातच जमा आहे ती फ्लाव्हिया या तोतयाच्या प्रेमात पडते. डबल रोलवर वाढलेले आपण, आपल्याला आणखी काय समजावायचं!

मला ही कादंबरी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सापडली, तीही स्वातंत्र्यलढ्याच्या कपाटात. ग्रंथपालकाकांनी इंग्रजी मुखपृष्ठ वाचलं असणार : कैदी आहे, झेंडा आहे, म्हणजे आपलाच माणूस! अकरावीत होतो. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन महिने झुंजलो. विसावं प्रकरण आलं. जंगलात फ्लाव्हिया जखमी रुडॉल्फपाशी धावत येते, म्हातारा कर्नल साप्ट सांगतो की हा राजा नव्हे, आणि ती त्याच्या हातात बेशुद्ध पडते. पान उलटलं तर पुठ्ठा. शेवटची दोन प्रकरणं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेली! काकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "एवढं वाचलंस ना, मग पुढचं काय ते समजून घे."

मी समजून घेतलं. राजा कैदेत खंगून मेला, रुडॉल्फ गादीवर बसला, फ्लाव्हिया राणी झाली. नऊ वर्षं मी हाच शेवट लोकांना ठणकावून सांगत होतो. एका मुलीला तर सायकलच्या कॅरिअरवर बसवून सांगितला. पुढे पुण्यात फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात अख्खी प्रत हाती लागली. तिथेच, एक पाय पायरीवर ठेवून, बावीस प्रकरणांतली राहिलेली दोन वाचली. विक्रेता म्हणाला, "साहेब, घेणार की संपवूनच जाणार?" मी काय बोलणार? फ्लाव्हियानं नकार दिला होता. ती सायकलवाली मुलगी? तीच आता तिसऱ्या रांगेत बसून घड्याळ दाखवतेय.

आणि ही चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता सुरू करतो.

माझं म्हणणं असं : सगळे हिला तलवारबाजीची कादंबरी म्हणतात, मी तिला वकिलाची कादंबरी म्हणतो. होप बॅरिस्टर होते. नोव्हेंबर 1893मध्ये एक खटला जिंकून वेस्टमिन्स्टरच्या कोर्टातून पायी परतताना त्यांना ही गोष्ट सुचली. आता दावेदार बघा. राजा औरस. मायकेल त्याच बापाचा, पण आई राजकुळातली नाही, म्हणून गादी नाही. रुडॉल्फच्या खापरपणजीचं 1733 साली रुरिटानियाच्या राजपुत्राशी प्रकरण झालं होतं, तेव्हापासून त्या घरात मधूनमधून एल्फबर्गांचे, म्हणजे रुरिटानियाच्या राजघराण्याचे, लाल केस आणि लांब सरळ नाक उगवतं. तिघांचं रक्त एकच. फरक कुठे, तर लग्नाच्या कागदात!

आणि लायक कोण? तोतया. राजाच्या पदरचा फ्रिट्झ, त्याच्यासारखा राजनिष्ठ माणूससुद्धा शेवटी म्हणतो की देव दर वेळी योग्य माणसालाच राजा करतो असं नाही. हे होप लिहितात, जे 1892ची निवडणूक लिबरल पक्षातर्फे लढले आणि हरले. तरी निकाल कागदाच्याच बाजूनं, गादी औरस राजालाच! का? तर निकाल द्यायला त्यांनी बसवलीय फ्लाव्हियाला. तोवर या प्रकरणात तिला कुणी काही विचारलेलंच नाही. राजा बदलला, तिला सांगितलं नाही. प्रियकर खोटा, तेही सगळ्यात शेवटी कळतं. ती म्हणते, प्रेमच सर्वस्व असतं तर फाटक्या वस्त्रांत तुझ्यामागे आले असते, पण अब्रू बाईलाही बांधून ठेवते. तुझी अंगठी मात्र बोटात राहील. म्हणजे तिनं निकाल स्वतःच्या विरुद्ध दिला आणि मुद्देमाल स्वतःकडे ठेवला.

दुसरी चिठ्ठी. बरं. वर्षातून एकदा ड्रेस्डेनला रुडॉल्फला भेटायला फ्रिट्झ फ्लाव्हियाची एक डबी घेऊन येतो, तिच्यात लाल गुलाब असतो, ते सांगायचं राहिलं. 1898 साली पुढचा भाग आला, त्यात मायकेलचा साथीदार, हेंट्झाऊचा रुपर्ट, परततो, तेही राहिलं. दोन्ही पुस्तकं वाचनालयातून नेणार असाल, तर दारातच उभं राहून शेवटची पानं आहेत ना तेवढं बघून घ्या.