नवी प्रणाली, जुनी वही

[दृश्य : सेवा खिडकी. टेबलावर संगणक, शेजारी जाडजूड नोंदवही.]

जन्मनोंदीचा अर्ज येतो. कारकून तो संगणकात चढवतो. मग वही पुढे ओढतो आणि तेच नाव, तीच तारीख, तोच क्रमांक पुन्हा लिहितो. नवी प्रणाली सुरू झाली, पण वही बंद करण्याचा लेखी आदेश निघालाच नाही. उद्या लेखापरीक्षणात वही मागितली तर? या धास्तीने ती चालू राहते.

स्थानिक स्वराज्य संस्थेत बदल रुततो तो बहुधा अशा जागी. कर्मचारी बदलाला विरोध करतात, असं मग वरून म्हटलं जातं. खरं तर दुप्पट झालेल्या कामाबद्दलची ती रास्त तक्रार असते.

म्हणून नवं काही आणताना आधी ठरवायचं, बंद काय होणार. एक अर्ज घ्यावा आणि आवक शिक्क्यापासून जावक क्रमांकापर्यंत त्याच्या मागे जावं. किती टेबलं, किती सह्या, कुठे किती दिवस पडून? हाताळण्याचा वेळ आणि पडून राहण्याचा वेळ वेगवेगळा लिहावा. प्रत्येक सहीपाशी विचारावं : इथे गेल्या वर्षभरात एखादा निर्णय बदलला का? बदलला नसेल आणि कायद्यानेही ती सही बंधनकारक नसेल, तर ती वगळता येते. दोन्ही पद्धती सोबत चालवायच्याच असतील, तर वही मिटण्याची तारीख पहिल्या दिवशीच जाहीर व्हावी आणि लेखापरीक्षकांशी त्याआधी बोलून घ्यावं.

[दृश्य : नस्त्यांचा (फायलींचा) ढीग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.]

वही गेली की वैताग कमी होतो. समाधान मात्र आपोआप येत नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून हाच फरक मांडला. जाचक नियम, देखरेख, पगार यांतल्या उणिवा माणसाला नाराज करतात. काम तडीला नेणं, त्याची दखल घेतली जाणं, जबाबदारी मिळणं यातून समाधान येतं. या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप आले. तरीही सरकारी टेबलावर हा फरक रोज दिसतो.

जबाबदारी द्यायची म्हणजे खिडकीवर निर्णय द्यायचा. नावातली अक्षरचूक दुरुस्त करणं, राहिलेलं जोडपत्र नंतर स्वीकारणं, ठरावीक दिवसांचा उशीर माफ करणं. हे अधिकार आणि त्यांची मर्यादा लेखी हवी. तोंडी दिलेला अधिकार पहिल्या चुकीपर्यंत टिकतो. एकाला कारणे दाखवा नोटीस गेली, की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नस्त्या पुन्हा ‘आदेशार्थ सादर’, म्हणजे निर्णयासाठी वरिष्ठांकडे. मर्यादेत राहून, नोंद ठेवून घेतलेला निर्णय चुकला, तर वरिष्ठांनी तो आपला मानला पाहिजे. एवढं जमलं नाही, तर बाकीच्या सुधारणा कागदावरच राहतात, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य : कर्मचारी प्रश्नावली भरताना.]

समाधान मोजायचं कसं? मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांनी १९८५ मध्ये सार्वजनिक आणि सेवाभावी संस्थांतल्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ३६ विधानं आणि ९ पैलू आहेत : पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी, नियम आणि कागदपत्रं वगैरे. प्रत्येक पैलूला ४ विधानं, प्रत्येक विधानाला १ (पूर्ण असहमत) ते ६ (पूर्ण सहमत) गुण. एकूण बेरीज ३६ ते २१६ च्या दरम्यान येते. बरीच विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण ७ मधून वजा करून घ्यायचे. हे विसरलं की नाराज माणूस समाधानी दिसू लागतो.

नुसत्या एकूण बेरजेवर थांबू नये. चांगले सहकारी जाचक नियमांचे गुण झाकून टाकतात, आणि नव्या पद्धतीचा परिणाम दिसायचा तो नियम-कागदपत्रांच्या पैलूतच. नावं घेऊ नयेत. चार-पाच जणांच्या विभागाचा निकाल वेगळा छापू नये, कारण कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं आणि पुढच्या वेळी सगळे मधलेच आकडे, ३ किंवा ४, निवडतात.

पहिलं मोजमाप बदलाआधी घ्यायचं, दुसरं वही बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी, विधानं तीच ठेवून. मधल्या काळात बदली होऊन आलेल्यांची उत्तरं वेगळी काढावीत. त्यांनी ती जुनी वही कधी लिहिलेलीच नसते.