रेग्युलेटर बंद, कार्ड मात्र चालू

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'खात्यातून गेलेले पैसे परत कसे मिळवावेत' असा छापलाय. तिकडे येतोच. आधी सांगा, रात्री झोपताना गॅसचा रेग्युलेटर कोण कोण बंद करतं? वा, सगळेच! आणि कार्ड? एकही हात नाही. सयाजीरावांनी 1908 साली ज्या गावात बँक काढली, त्या बडोद्याचे आपण!

मीही तुमच्यातलाच. 34 वर्षं कॅशच्या खिडकीमागे बसून "पिन कुणाला सांगू नका" म्हणत घसा कोरडा केला. निवृत्त झालो आणि मांडवीजवळ लिलो चेवडो घ्यायला गेलो. मशीन गल्ल्यापाशी, मी खाली पायरीवर. पोऱ्या म्हणाला, "काका, पिन बोलो ने." आणि मी बोललो! खणखणीत, चारही आकडे. घरी हे ऐकून ही म्हणाली, "आता माइकवरूनच सांगा." म्हणून आज आलोय.

पण पैसे गेले ते त्यामुळे नव्हेच. लेकाकडे कॅनडाला जाताना बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या परदेशी व्यवहारांचं बटण चालू केलं होतं. परत आलो, बॅगेत लोणच्याची बरणी फुटलेली, ती कुणी भरली यावर आठवडाभर वाद (मीच भरली होती), आणि ते बटण तसंच राहिलं. चार महिन्यांनी शनिवारी पहाटे पावणेतीनला फोन तीनदा किणकिणला. डॉलरमध्ये खरेदी! ओटीपी नाही, काही नाही. परदेशातल्या बऱ्याच साइट तो मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. माझा पिन चोराला नकोच होता!

सकाळी शाखेत गेलो. "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या." बँक कुठली ते सांगत नाही, पेन्शन तिथेच येते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भराभर ऐका. जुलै 2017 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची, तर मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत की तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये भुर्दंड. कळवल्यावर कामकाजाच्या 10 दिवसांत रक्कम तात्पुरती जमा, 90 दिवसांत निकाल. ओटीपी स्वतःच सांगितलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पुढचं बँकेचं. म्हणून साहेबांची वाट बघू नका. कार्डामागच्या नंबरवर फोन, कार्ड ब्लॉक, तक्रार क्रमांक कागदावर, मग 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मी पहाटेच फोन करून तक्रार क्रमांक कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिला, म्हणून पैसे परत आले.

आणि ती बटणं बँकेच्या ॲपमध्ये, 'कार्ड' उघडलं की दिसतात: ऑनलाइन, परदेशी, टॅप. टॅप म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवणं, त्याला पाच हजारांपर्यंत पिनही लागत नाही, त्यामुळे... हो हो, उठतो. काकू, चहाच्या वेळी फोन घेऊन या, परदेशीचं बटण बंद करून देतो. पिन तुमचा तुम्ही टाका, मी पाठ फिरवतो.