खाडीपलीकडचं नागला

बोरिवलीला पूर्वेकडे उतरलं की नॅशनल पार्कचं गेट पायी गाठता येतं. कान्हेरीची लेणी, शिलोंड्याची वाट, तुळशी तलावाकडचं जंगल ही बाजू मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरमधला एक तुकडा वसईच्या खाडीपलीकडे आहे. त्याचं नाव नागला. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

घोडबंदर मागे टाकायचं, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची, की ससूनवघरच्या बाजूला हे जंगल सुरू होतं. वन विभागाची परवानगी आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस, या दोन्ही गोष्टी हव्यातच. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळही बघून घ्या. इथली खरी मजा ओहोटीला आहे.

कारण इथे पायवाटेच्या एका अंगाला खारफुटी आणि दुसऱ्या अंगाला डोंगरावरचं पानझडी जंगल. पाणी हटलं की चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या दिसायला लागतात. मासाच तो, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर सरकतो, मधूनच उडी मारतो. शेजारी एकच नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती नांगी वरखाली हलवत उभे. बसून बघा. आपण हललो नाही की थोड्या वेळात सगळा चिखल जागा होतो.

वाट वर चढायला लागते तशी झाडं बदलतात. ऐन, कुंभी, मोई, पांढऱ्या सालीचा कांडोळ. शिशिरात पळस आणि पांगारा फुलले की मधासाठी पाखरांची झुंबड उडते. चढावर कारवी माजलेली. तिचं पान हाताला खरखरीत लागतं. साधारण आठ वर्षांनी एकदाच ती फुलते, बी धरते आणि वाळून जाते. आदिवासी पाड्यांवरचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे, वरून शेणामातीचं लिंपण.

आता वाटेवरचा हा पावलाचा ठसा नीट बघा. चार बोटं, मागे गादी, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन गोलाई. नखांची खूण कुठेच नाही. कुत्र्याच्या पावलापुढे नखं उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. हा बिबट्या. प्रत्यक्ष दिसेलच असं नाही, आणि तो दिसावा म्हणून इथे येऊच नये, असं मला मनापासून वाटतं. भेकर भुंकलं, वानरं खाकरली की थांबायचं, कान द्यायचा. जवळपास कोण आहे ते जंगल सांगतं. वारली माणसं या शेजाऱ्याला वाघोबा म्हणून पूजतात आणि त्याच्याच रानात राहतात.

या शेजाऱ्याला किती जागा लागते? २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक नर बिबट्या बाहेर काढला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभागाने त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. काही आठवड्यांत शंभराहून अधिक किलोमीटर चालत, रस्ते आणि वस्त्या ओलांडत आजोबा थेट मुंबईच्या जंगलापर्यंत आला. २०११ मध्ये महामार्गावर गाडीची धडक बसून तो गेला.

त्याच्या चालीने एक गोष्ट दाखवून दिली. बोरिवलीचं जंगल एकटं नाही. नागल्याच्या उत्तरेला तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे, त्यापुढे डोंगररांगा. नागला हा मधला सांधा. तो तुटला तर मुंबईतले बिबटे चारही बाजूंनी इमारतींत कोंडले जातील. आणि या सांध्यावरूनच अहमदाबादचा महामार्ग जातो.

पेंचजवळ नागपूरच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी मार्ग बांधले, तेव्हा वाघसुद्धा त्या खालून जाताना कॅमेऱ्यात आले. वसईच्या पट्ट्यातही असे मार्ग हवेत, आणि जिथून जनावरं आज ओलांडतात नेमके तिथेच हवेत. त्या जागा कुठल्या, ते इथल्या पाड्यांवरच्या लोकांना आणि वनरक्षकांना विचारा. रस्त्याची आखणी त्यांना विचारून व्हावी.