प्रवाळाच्या वावरातलं निंदण

(दृश्य: सीताबर्डीतली अरुंद गल्ली. अर्धं वर केलेलं शटर. आत काचेच्या टाक्यांवर निळा उजेड.)

निवेदन:
नागपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं आठशे किलोमीटरच्याही पलीकडे. तरी या दुकानात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हा मासा सकाळपासून फेऱ्या मारतोय. अंग आकाशी, पाठीचा पर हळदीसारखा पिवळा, तोंड काळं आणि गळ्याखाली पांढराशुभ्र पट्टा. दुकानात याला पावडर ब्लू म्हणतात. मी जाळीकडे हात नेला तसे दुकानदार काका घाईनं म्हणाले, "भाऊ, याले जाळीनं नका पकडू. शेपटीचा काटा अटकते अन् सोडवता सोडवता त्याचंच अंग फाटते." डबा बुडवायचा आणि मासा पाण्यासकट उचलायचा, ही त्यांची रीत.

(दृश्य: शेपटीच्या मुळाचा क्लोज-अप.)

शेपूट अंगाला जुळते तिथं बघा. दोन्ही बाजूंना एकेक बारीक फट दिसते. त्या फटीत काटा मिटून बसलेला असतो, घडीच्या चाकूसारखा. मुळात तो खवलाच, पण धार आलेला. बिजागर मागं, टोक डोक्याकडे. मासा शेपूट वळवून फटका देतो तेव्हा हा काटा बाहेर येतो आणि समोरच्याला चिरून जातो. म्हणून नाव सर्जनफिश. पावडर ब्लूच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द अकँथुरस, म्हणजे ग्रीकमध्ये काटेरी शेपटीचा. सर्जनफिशच्या कुळात ऐंशीहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक सगळ्यांना लोक या सुरीवरूनच ओळखतात.

मला मात्र त्याचं तोंड दाखवायचंय.

(दृश्य: उथळ समुद्र, प्रवाळखडक. निळ्या माशांचा थवा खडकावर उतरतो.)

आपल्याकडे कपाशीच्या वावरात निंदण वेळेवर झालं नाही, तर तण पिकाला गिळून टाकतं. प्रवाळखडक म्हणजे प्रवाळ या इवल्या समुद्री जिवांनी बांधलेला खडक; तिथलं तण म्हणजे शेवाळ. ते वाढलं की प्रवाळाच्या इवल्या पिल्लांना चिकटायला मोकळा दगड उरत नाही. सर्जनफिश दिवसभर तेच खुडत असतो. दातांच्या कडा करवतीसारख्या, तोंड छोटं, दर चिमट्याला थोडंसं शेवाळ. काही खडकांवर छोटे डॅम्सेल मासे आपापला शेवाळाचा तुकडा राखतात आणि एकट्या-दुकट्याला हुसकावून लावतात. मग सर्जनफिश थव्यानं उतरतात. राखणदार एकाच्या मागं धावतो, तोवर बाकीचे चरून पुढं गेलेले असतात.

लक्षद्वीपची प्रवाळबेटं 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापल्यामुळे पांढरी पडली आणि त्यातलं बरंच प्रवाळ मेलं. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ लगेच चढतं. अशा वेळी चरणारे मासे किती उरलेत, यावर त्या खडकाची आशा टिकून असते. हे वाचल्यापासून दुकानातल्या या एका माशाकडे मला नुसतं शोभा म्हणून बघवत नाही.

शेवाळ पचवायला मदत लागते, आणि ती पोटातच राहते. 1985 मध्ये तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या आतड्यात एक विलक्षण जीव सापडला. अर्ध्या मिलिमीटरहून लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. इतका मोठा म्हटल्यावर तो जिवाणू असेल असं सुरुवातीला कोणाला वाटलं नाही. 1993 मध्ये जनुकं तपासल्यावर ते सिद्ध झालं. त्याचं नाव एपुलोपिशियम, म्हणजे माशाच्या मेजवानीला आलेला पाहुणा. मला हे नाव फार आवडतं.

(दृश्य: पारदर्शक पिल्लू, चांदीसारखं पोट.)

आणि हे बालपण. बहुतेक जाती संध्याकाळी पाण्यात अंडी सोडतात. एका अंड्याची रुंदी मिलिमीटरलाही पुरत नाही. पिल्लू काचेसारखं आरपार असतं. कित्येक आठवडे ते खुल्या समुद्रात तरंगत राहतं आणि मग एखाद्या रात्री खडकाला लागतं. चार-पाच दिवसांत रंग चढतो, आतडं लांब वाढतं आणि चरणं सुरू होतं. पिल्लाचा हा लांबचा प्रवास टाकीत घडवणं फार अवघड. ब्लू टँग ही त्याच कुळातली जात; ती बंदिस्त टाकीत वाढवणं फ्लोरिडात 2016 मध्ये पहिल्यांदा जमलं. पावडर ब्लू मात्र आजही बहुतेक वेळा समुद्रातूनच धरून आणतात. टाकीतला ताण त्याला सोसत नाही, अंगावर पांढरे ठिपके पडतात आणि मासा खंगत जातो.

(दृश्य: सीताबर्डीचा किल्ला, खालचा काळा दगड.)

नागपूरच्या या टेकडीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सर्जनफिशचे जुने जीवाश्म इटलीत मोंते बोल्का इथं सापडलेत, ते सुमारे पाच कोटी वर्षांचे. म्हणजे किल्ल्याखालचा दगड त्या माशांहूनही म्हातारा.

(दृश्य: पुन्हा दुकान. रात्र.)

समुद्रात अंधार पडला की सर्जनफिश खडकाच्या कपारीत शिरतो आणि अंगाचा रंग फिका करून तिथंच रात्र काढतो. इथं काकांनी टाकीत प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा ठेवलाय. ते दिवा मालवतात, शटर ओढतात. मासा दोनदा काचेला नाक लावून फिरतो, मग त्या पाइपात शिरतो. बाहेर फक्त शेपटी उरते.