बेथेलला ट्रक आकाशातून आला

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण अलास्कातल्या बेथेलला जाऊ. कस्कोक्विम नदीच्या काठचं हे गाव, वस्ती सहा हजारांच्या थोडी वर. गावात रस्ते आहेत, टॅक्स्या भरपूर आहेत, पण गावाबाहेर नेणारा रस्ता एकही नाही. अँकरेज शहर साधारण साडेसहाशे किलोमीटर दूर. तिथं जायचं तर विमानानं.

म्हणजे नदी हाच रस्ता. उन्हाळ्यात होड्या चालतात, इंधन घेऊन बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, येतात. हिवाळ्यात तीच नदी गोठते आणि तिच्यावरून मोटारी धावतात. नापाइम्यूट नावाच्या छोट्या गावची माणसं बर्फाची जाडी मोजतात, साचलेला बर्फ बाजूला सारतात, वाट आखून देतात. चांगल्या हिवाळ्यात ही वाट तीनशे किलोमीटरच्याही पुढे जाते. अवघड असतात ते मधले आठवडे. बर्फ धड धरलेला नाही, धड सुटलेला नाही. तेव्हा होडी नाही आणि गाडीही नाही.

जमीन खाली कायमची गोठलेली, म्हणून घरं खांबांवर आणि पुष्कळ घरांना पाणी टँकरचं. टँकरची वाट बघणं काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार!

तर आता गोष्ट ऐका. 2012 चा जून महिना. गावात पत्रकं झळकली: टाको बेल येणार! टाको बेल ही टाको विकणारी अमेरिकेतली मोठी कंपनी. अमेरिकेत गल्लोगल्ली मिळणारा टाको, कुरकुरीत घडीच्या पोळीत मांस, टोमॅटो, चीज भरलेला. पण बेथेलकरांना तो खायचा तर विमानाचं तिकीट काढायला हवं. गावभर आनंद झाला. पोरं तर हरखूनच गेली. आणि मग कळलं, सगळं खोटं! कुणीतरी थाप मारली होती. कंपनीला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं.

पण बातमी फिरत फिरत कंपनीच्या कानावर गेली. आणि 1 जुलैला काय झालं? ट्रक आला. रस्ता नसलेल्या गावात टाकोचा ट्रक आला, आकाशातून आला! सोबत सव्वाचारशे किलोंहून जास्त मांस, सव्वादोनशे किलो आंबट साय, एकशे पस्तीस किलोंच्या आसपास टोमॅटो. दहा हजार टाको होतील एवढं सामान, आणि गावाला सगळं फुकट. सहा हजारांच्या गावात दहा हजार टाको! लोकांनी रांगा लावल्या, पोटभर खाल्लं. मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी पुन्हा सांगावीशी वाटते. फसवल्या गेलेल्या गावाच्या पदरात खरोखरीचं काही पडलं, असं किती वेळा होतं?

जाता जाता एक सांगतो. बेथेलला स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, केवाययूके, 1971 पासून. तिथं इंग्रजीबरोबर युपिक भाषेतही बातम्या देतात, कारण या भागातली बहुसंख्य माणसं युपिक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आहेत. माझं ठाम मत आहे, आजी घरात ज्या भाषेत बोलते त्या भाषेत बातमी सांगणारं केंद्र प्रत्येक तालुक्याला हवं. असो.

टाकोची बातमी जगभर गेली. पण त्याच जूनमध्ये, त्याच नदीवर आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणी ऐकली नाही. नदीत किंग सामन मासा फार कमी आला म्हणून सरकारनं मासेमारी बंद केली. हा मासा म्हणजे तिथल्या घरांची हिवाळ्याची बेगमी. तो सुकवायचा, त्याला धुरी द्यायची आणि वर्षभर पुरवायचा. काही युपिक कोळ्यांनी बंदी असतानाही जाळी टाकली. जाळी जप्त झाली, खटले भरले गेले. 2013 मध्ये तेवीस जण बेथेलच्याच न्यायालयात उभे राहिले. मासे धरणं हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं, शिक्षा मात्र हलकी दिली. पुढच्या वर्षांतही त्या नदीवर किंग सामनच्या मासेमारीवर बंधनं येत राहिली.