तुलना करायची तर कुणाशी?

नमस्कार मंडळी.

चार मराठी माणसं परदेशात एकत्र आली की चहा संपायच्या आत "आपल्याकडे असं का नाही?" हा प्रश्न निघतोच. इथल्या शाळा, इथली रुग्णालयं रोज पाहिल्यावर तो पडणारच. पण श्रीमंत देशाशेजारी आपला देश उभा केला की हळहळीपलीकडे काही हाती लागत नाही. २०२२ मध्ये भारताची अर्थव्यवस्था ब्रिटनच्या पुढे गेली तेव्हा आपण पेढे वाटले. दरडोई उत्पन्न मात्र त्यांच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपासच होतं.

मला विचाराल तर आपल्याइतक्याच गरिबीतून निघालेल्या शेजाऱ्याकडे पाहावं. १९९० मध्ये पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं बांगलादेशात हजारी सुमारे १४५ होती, भारतात सुमारे १२५. २०२० पर्यंत दोन्ही आकडे तिशीच्या आसपास आले, आणि बांगलादेश थोडा पुढे निघून गेला. या काळात बहुतेक वर्षं तिथलं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी होतं!

यामागे अनेक कारणं आहेत, पण एक मला फार मोलाचं वाटतं. १९८० पासून दहा वर्षं बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेच्या बायका घरोघर फिरल्या. जुलाब झालेल्या मुलासाठी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी कसं कालवायचं, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत शिकवलं. शिकवणारीचा मेहनताना आईच्या किती लक्षात राहिलं यावर ठरायचा. अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजे क्षारसंजीवनीने, तर १९७१ मध्येच आपल्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातून, कॉलऱ्यातून कितीतरी जीव वाचवले होते.

देशाच्या आतही पाहा. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत एका वर्षाच्या आतले हजारी बालमृत्यू केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. राज्यघटना एक, केंद्र सरकार एक.

आणि गडचिरोली! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, मृत्यू घटवून दाखवले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बांगलादेशात सिल्हेटलाही घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तिथेही बाळं वाचली. आपल्या देशभरातल्या आशाताईंकडे हे काम आलं २०११ मध्ये. ही बारा वर्षं का लागली, याचं उत्तर मला हवं आहे.